एक्सवाय असलेली मुलगी असू शकते का? (लिंगनिश्चिती शिकवताना)

पाटीपेन्सिल
नमस्कार. तालुक्याच्या एका गावात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चौदा वर्षं झाली. एका तासाबद्दल लिहायचं आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

जुलैत लिंगनिश्चितीचा भाग घेतला, दरवर्षी घेते तसाच. फळ्यावर आई एक्सएक्स, वडील एक्सवाय, मधे चौकट, निम्म्या शक्यता मुलाच्या, निम्म्या मुलीच्या. नाकतोड्याच्या नराला एकच एक्स. पक्ष्यांत उलटं, तिथे मादीची दोन गुणसूत्रं वेगळी, झेड आणि डब्ल्यू. मधमाशीत नर जन्मतो तो अफलित अंड्यातून. आणि शेवटी ते वाक्य, जे मी दरवर्षी आवाज चढवून म्हणते: "मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या शुक्रपेशीवर ठरतं. सुनेला बोल लावणाऱ्यांना हे जाऊन सांगा." या वाक्यावर माझा जीव आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता. तिसरी-चौथी मुलगी म्हणून जन्मलेल्या पोरी माझ्या वर्गात आजही बसतात, आणि हे ऐकताना त्यांची मान वर होते.

तास संपल्यावर एक मुलगी वही छातीशी धरून टेबलापाशी आली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, एक्सवाय असलेली मुलगी असू शकते का?"

घंटा झाली होती. प्रात्यक्षिकाची बॅच प्रयोगशाळेबाहेर उभी होती. मी म्हणाले, "असते गं, पण तो विकार असतो. परीक्षेला येत नाही, सोड." ती "बरं मॅडम" म्हणून गेली.

रात्री भाकऱ्या थापताना ते "बरं मॅडम" परत ऐकू आलं. तिला हा प्रश्न कुठून पडला असेल? मोबाईलवर काही बघितलं असेल. नुसतं कुतूहल असेल, जे बारावीत असायलाच हवं. किंवा सतरावं सरत आलं तरी पाळी नाही म्हणून आई तिला कुठे कुठे दाखवून आणत असेल. यातलं नक्की काय हे तिला विचारण्याचा मला हक्क नाही. पण माझ्याकडून ती दोनच गोष्टी घेऊन घरी गेली: 'विकार' आणि 'परीक्षेला येत नाही'.

मला हा भाग नीट शिकवायचा आहे. वडिलांवरचं ते वाक्य न सोडता आणि त्या मुलीलाही न सोडता. तुम्ही कुठून सुरुवात करता? शब्द कोणते वापरता?

शेतबांध
मी शिक्षक नाही. दोन एकर पपई आणि चार जनावरं. पण तुमचा वर्ग गावातल्या पोरांचा आहे, म्हणून लिहितो.

पपईचं रोप लावताना नर की मादी काही कळत नाही. फुलं आल्यावर कळतं. जुन्या वाणांत एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं दिसली की जास्तीचे नर उपटायचे, दहा मादी झाडांमागे एक नर ठेवायचा, हे बापाने शिकवलं. आता तैवान वाण आला. त्यात नुसता नर नसतोच, एक तर मादी नाहीतर उभयलिंगी. उभयलिंगी झाडाचं फळ लांबट, मादीचं गोल, आणि बाजारात लांबट फळाला भाव. कडक उन्हाळ्यात त्याच उभयलिंगी झाडाला नुसती नर फुलं येतात आणि फळ धरत नाही. म्हणजे झाड तेच, हवा बदलली तर फूल बदललं.

दुसरं जनावरांचं. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड शंभरात नव्वद वेळा गाभण राहत नाही. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की पोटात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याच्या अंगातला रस कालवडीत जातो आणि तिची गर्भपिशवी, अंडाशय नीट होत नाहीत. बाहेरून बघाल तर कालवडच. हे आमच्या पोरांनी गोठ्यात बघितलेलं असतं. तिथून सुरुवात केली तर कुणी लाजणार नाही.

आणि आरवणारी कोंबडी. आजी म्हणायची अपशकुन आहे, आणि त्याच दिवशी तिचा रस्सा व्हायचा. का आरवते ते कुणीच सांगितलं नाही.

स्टेथो
शेतबांध, फार मोलाचा प्रतिसाद. कोंबडीचं सांगतो. तिला कामाचं अंडाशय एकच, डावं. ते रोगाने किंवा गाठीने निकामी झालं तर स्त्रीसंप्रेरक घटतं. मग उजवीकडची सुप्त ग्रंथी कधीकधी वृषणासारखी वाढते, तुरा मोठा होतो, पिसं कोंबड्यासारखी येतात आणि ती आरवते. बाकी सविस्तर रात्री लिहितो, ओपीडी आहे.

किनारपट्टी
गाव रायगडात. आमच्याकडे जिताड्याशिवाय जावयाचं ताट पुरं होत नाही. हा मासा पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे बाजारात जो मोठा, आठ-दहा किलोचा जिताडा सगळे हेरून ठेवतात, ती बहुतेक वेळा मादी, आणि कधीकाळी ती नर होती. हेकरू माशाचं बरोबर उलट, आधी मादी, मग नर.

आणि रत्नागिरीतल्या वेळासला जाऊन या. २००२ पासून तिथे समुद्री कासवांची अंडी राखतात. ऑलिव्ह रिडले कासवाला एक्स-वाय असलं काही नाहीच. वाळू उबदार असेल तर त्या घरट्यातून माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. पिल्लं पाण्यात सोडतानाचा सोहळा बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात, पण हा मुद्दा फार थोड्यांच्या लक्षात येतो.

जुना खडू
एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. जिल्हा परिषदेची शाळा, मग हायस्कूल. माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नये.

जिताडा, पपई, कासव, सगळं ठीक. गांडूळ उभयलिंगी असतं हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, जास्वंदीचं फूल उभं चिरून पुंकेसर-स्त्रीकेसर एकाच फुलात दाखवले, कुणी हसलं नाही. पण माणसापाशी आलो की वर्गाची हवा बदलते. एका वर्षी 'उभयलिंगी' शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी नववीतल्या एका नाजूक चणीच्या मुलाला पोरं त्या शब्दाने हाक मारू लागली. मी चौघांना शिक्षा केली, पण तो शब्द त्या मुलाला दहावी होईपर्यंत चिकटून राहिला. शब्द माझा होता. मी शिकवलेला. मुलाची आई मला भेटायला आली तेव्हा तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

दुसरं. २००७ साली शाळांतलं किशोरवयीन शिक्षण आपल्या राज्यात बंद केलं होतं, विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून. त्या वेळी ज्यांनी तो विषय मनापासून शिकवायला घेतला होता, ते शिक्षक एकटे पडले. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत हे विषय मराठीत मांडले, खटले अंगावर घेतले. पण प्रत्येक शिक्षकाकडे ती छाती नसते आणि त्याच्या घरी चूल पेटायची असते. पाटीपेन्सिल, तुम्ही करा, पण मुख्याध्यापकांना आधी सांगून, लेखी टिपण देऊन करा. एवढंच.

चार खोल्या
मला दोन मुलं, एक नववीत. माझा प्रश्न सरळ आहे. युग्मकं दोनच प्रकारची असतात ना? अंडपेशी आणि शुक्रपेशी. तिसरी पेशी नाही. मग 'लिंगाची विविधता' म्हणून मुलांच्या डोक्यात गोंधळ का भरायचा? जे लाखात एखाद्याचं आहे ते डॉक्टरांनी बघावं. मी कुणाचा द्वेष करत नाही, पण शाळेत नियम शिकवावा, अपवाद नव्हे.

स्टेथो
बालरोगतज्ज्ञ आहे, या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी माझा दर काही महिन्यांनी संबंध येतो. सवडीने लिहितो.

चार खोल्या, युग्मकं दोनच, हे अगदी बरोबर आणि ते ठणकावून शिकवावं. जिताडासुद्धा एका वेळी या दोनांपैकीच एक काहीतरी तयार करतो. पण शरीर म्हणजे युग्मक नव्हे. शरीर थर चढत चढत घडतं. पहिला थर गुणसूत्रांचा. दुसरा जननग्रंथींचा. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भातली ग्रंथी वृषणही नसते आणि अंडाशयही नसतं, दोन्हीकडे जाऊ शकते. नर आणि मादी दोन्ही बाजूंच्या नलिका प्रत्येक गर्भात असतात. तुमच्यात होत्या, माझ्यात होत्या. वाय गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एक जनुक आहे, एसआरवाय. ते १९९० साली सापडलं. ते वेळेवर जागं झालं तर ग्रंथी वृषण होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या शास्त्रज्ञांनी हे जनुक एक्सएक्स उंदराच्या गर्भात घातलं आणि तो नर म्हणून वाढला. म्हणजे अख्ख्या वायची गरज नव्हती, त्यातला एक तुकडा पुरला. तिसरा थर संप्रेरकांचा. चौथा, त्या संप्रेरकांना पेशी दाद देतात की नाही याचा. मग आतले अवयव, बाहेरचे अवयव, आणि शेवटी वयात येणं.

बहुतेकांत हे सगळे थर एकाच दिशेने जातात. काहींत नाही जात. वृषण आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, पण पेशीतला ग्राहकच काम करत नाही, तर ते मूल मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं, दिसतं, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून आमच्याकडे येतं. गुणसूत्रं एक्सवाय. पाटीपेन्सिल, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: हो, असते, आणि ती मुलगीच असते.

'विकार' या शब्दाबद्दल. सरसकट टाकूनही देऊ नका. अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात आजार आहे, साधारण पंधरा हजारांत एका बाळाला. एक्सएक्स बाळाचे बाहेरचे अवयव त्यात मुलासारखे दिसू शकतात. दिसण्याने काही बिघडत नाही, पण त्यातल्या बऱ्याच बाळांच्या अंगातलं मीठ निघून जातं आणि उपचार झाले नाहीत तर पहिल्या काही आठवड्यांत जीव जातो. तो आजार आहे आणि त्याला आजारच म्हणायचं. वेगळं दिसणं हा आजार नाही. आमच्याच क्षेत्राला हा फरक कळायला फार वेळ लागला. दिसण्यासाठी म्हणून तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया होत राहिल्या, ज्याला ते शरीर जन्मभर वागवायचं आहे त्याला न विचारता. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालायला सांगितलं आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी आदेश काढला. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद.

'लाखात एखादं' याबद्दलही. असं वेगळं शरीर किती जणांचं असतं, यासाठी जीवशास्त्रज्ञ अॅन फॉस्टो-स्टर्लिंग यांच्या गटाचा शेकडा १.७ हा आकडा तुम्ही वाचला असेल. लेनर्ड सॅक्स यांनी २००२ साली तो खोडून शेकडा ०.०१८ म्हटलं. दोघांच्या आकड्यांत जवळपास शंभरपटीचा फरक आहे, कारण मोजायचं काय यावरच एकमत नाही. सॅक्स क्लाइनफेल्टर आणि टर्नर (मुलीत एकच एक्स) धरत नाहीत. त्यामुळे वर्गात एक ठोक आकडा फेकू नका. क्लाइनफेल्टर, म्हणजे एक्सएक्सवाय, साधारण पाचशे ते हजार मुलग्यांमागे एक, हे मात्र सांगा. कित्येकांना ते जन्मभर कळतही नाही. तुमच्या कॉलेजात एखादा असेलच असं धरून चाला, आणि तसं धरूनच बोला.

चार खोल्या
उत्तराबद्दल आभार. युग्मक आणि शरीर हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण लिंगभावाचं काय? ते यात मिसळू नये असं अजूनही वाटतं.

पाटीपेन्सिल
माझंही तेच मत होत चाललंय, की एकाच तासात दोन्ही कोंबू नये. शरीर कसं घडतं हा एक तास. आणि मुलीने कसं बसायचं, मुलाने रडायचं की नाही, आपण स्वतःला आतून कोण मानतो, आणि समाज त्याचं काय करतो, हा दुसरा. पहिला माझ्या विषयात येतो. दुसरा वर्गशिक्षिका म्हणून माझ्या कामात येतो. टाळता येत नाही, पण मिसळला तर पोरं 'जिताडा बदलतो म्हणून माणूसही बदलतो' असला चुकीचा निष्कर्ष काढतील. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसाला माशाच्या दाखल्याची गरज नाही.

अनुस्वार
मराठी शिकवते, सिंधुदुर्गात. शब्दांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

'लिंग' म्हटलं की वर्ग हसतो, कारण पोरांना एकच अर्थ माहीत असतो. मूळ अर्थ खूण. ज्या खुणेवरून न दिसणारी गोष्ट ओळखायची ती खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमान. मी आठवीला हे सांगते आणि हसू थांबतं. आणि मग विचारते, धुक्याला धूर समजलात तर? खूण बघून काढलेलं अनुमान चुकूही शकतं. जन्मल्याबरोबर सुईण एक खूण बघते आणि सांगते मुलगा की मुलगी. बहुतेक वेळा बरोबर असतं. कधीकधी नसतं. स्टेथो डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं या एका दाखल्यात बसतं असं मला वाटतं.

व्याकरणाचं लिंग वेगळं, हे स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे तो दगड, ती वीट, ते घर. यात दगडाच्या शरीराचा संबंध नाही. पण एक गोष्ट मला फार आवडते. मराठीत मूल 'ते' असतं. ते बाळ, ते लेकरू, ते पोर. आमच्या मालवणीत तर लहान मुलीला सर्रास 'ता चेडू' म्हणतात, ती मुलगी आहे हे माहीत असूनही. भाषेने लेकराला थोडा काळ तो-ती मधून मोकळं ठेवलंय. हा भाषेचा योगायोग आहे, त्याचा फार अर्थ काढू नये, पण वर्गात सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकतात.

'नपुंसकलिंग' शब्द फळ्यावर लिहिताना मात्र मी थांबते. तो शिवी म्हणून वापरला जातो. त्या दिवशी मी आधी सांगते की हा फक्त शब्दांचा प्रकार आहे, माणसांसाठी वापरायचा नाही. खडू सरांनी सांगितलेला प्रसंग माझ्या वर्गातही घडू शकतो. शरीराने जन्मतः वेगळ्यांसाठी आंतरलिंगी, जन्माच्या वेळी लावलेल्या ओळखीपेक्षा स्वतःला वेगळं मानणाऱ्यांसाठी पारलिंगी, आणि ज्यांची तशी परंपरा आहे, घराणं आहे, त्यांच्यासाठी तृतीयपंथी, असं मी वापरते. तिन्ही एक नव्हेत.

तिसरी रांग
बरेच दिवस नुसती वाचते इथे. आज लिहायला पाहिजे असं वाटलं.

स्टेथोंनी ज्या मुलीबद्दल लिहिलंय ती मी. २००६ साली अकरावीत होते, विज्ञान शाखा. पाळी आली नाही म्हणून त्या दिवाळीत एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या. आईबाबांना आत बोलावलं, मला बाहेर बाकावर बसवलं. बाहेर येऊन आई म्हणाली, गर्भाशय लहान आहे, मूल होणार नाही, बाकी सगळं ठीक. त्यांना सांगितलं होतं की मुलीला यापेक्षा जास्त सांगू नका. मला खरं कळलं चोविसाव्या वर्षी, कपाटात माझी फाईल सापडली तेव्हा.

त्याच डिसेंबरात दोह्याच्या आशियाई स्पर्धा झाल्या. तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांना ८०० मीटरमध्ये रौप्य मिळालं आणि चाचणीनंतर ते काढून घेतलं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाची पोर. बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि मधेच थांबले. पेपर घडी करून ठेवला. का थांबले ते मला आठ वर्षांनी कळलं.

बारावीला आमच्या सरांनी तीच चौकट काढली. एक्सवाय बरोबर मुलगा. मी ते पाठ करून पूर्ण गुण मिळवले. फाईल सापडली त्या रात्री मला आठवली ती सरांच्या अक्षरातली चौकट. पुस्तकाप्रमाणे मी नव्हतेच. मला कुणी गोंजारायला नको होतं, माझ्यासाठी वेगळा तास नको होता. 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द सरांनी त्या चौकटीखाली लिहिले असते तर त्या रात्री मला धरायला काहीतरी असतं.

पाटीपेन्सिल, तिला परत बोलावून विचारू नका. सगळ्या वर्गाला सांगा. तिला ऐकू जाईल.

जुना खडू
तिसरी रांग, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मीही आयुष्यभर ती चौकट 'बहुतेक वेळा' न लिहिता काढली. किती वर्गांत काढली त्याचा हिशेब मांडत बसलो होतो काल.

माझी काळजी अजून तीच आहे, पण आता तिचा उपयोग सांगतो. चार गोष्टी करून बघा. मुलं-मुली वेगळी बसवू नका, वेगळं बसवलं की पोरं समजतात यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. तासाच्या आधी चिडवण्याबद्दल बोला, नंतर नाही. माझी चूक तिथे झाली. तोंडी प्रश्न घेऊ नका, चिठ्ठ्या घ्या, आणि प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, कोरी असली तरी, म्हणजे कुणी लिहिली ते कळत नाही. आणि कुठल्याही मुलाला 'समज तू' म्हणून उदाहरणादाखल उभं करू नका.

कायदेपान
थोडक्यात. मुख्याध्यापकांना द्यायच्या टिपणासाठी आधार हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल, आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या २०१९ च्या कायद्याचं तेरावं कलम. सरकारमान्य शाळा-कॉलेजांनी पारलिंगी व्यक्तींना भेदभाव न करता शिक्षण, खेळ, करमणूक यांत सामावून घ्यायचं, असं ते सांगतं. एनसीईआरटीने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिक्षकांसाठी याच विषयावर पुस्तिका काढली होती, तक्रारींनंतर काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून हटवली गेली. तेव्हा वरून मार्गदर्शन येईल म्हणून थांबू नका. आणि वर्गात सांगायला जवळचा दाखला: सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला, ज्ञानेश्वर कांबळे यांना, थेट सरपंच म्हणून निवडून दिलं.

सायंकाळची पाळी
धावपटू दुती चंद यांचंही सांगा. २०१४ मध्ये संप्रेरकाच्या पातळीवरून संघातून वगळलं, त्या क्रीडा लवादात गेल्या, २०१५ मध्ये लवादाने नियमच स्थगित केला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर दोन्हींत रौप्य. शांतींची गोष्ट एकटी सांगितली तर मुलांना वाटेल की असं झालं की सगळं संपतं. शांतीही पुढे प्रशिक्षक झाल्या.

पाटीपेन्सिल
तास झाला. काल. दोन जोडतास मागून घेतले होते. मुख्याध्यापकांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, "पुस्तकाला धरून आहे ना? मग घ्या." नववीच्या आनुवंशिकतेच्या पाठातच टर्नर आणि क्लाइनफेल्टर आहेत, हे मी त्यांना दाखवलं. त्याचा उपयोग झाला.

आधी चिडवण्याबद्दल बोलले. शतक जुनी गोष्टही सांगितली, नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठात पडणाऱ्या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून नराच्या शुक्रपेशी दोन तऱ्हेच्या असतात हे दाखवलं. एका बाईने ते शोधलं हे मुलींना आवडलं. मग जास्वंद चिरली. मग पपई. दोन मुलांच्या घरी पपईची बाग निघाली आणि पुढची दहा मिनिटं तीच दोघं बोलत होती, मी ऐकत होते. जुळ्या कालवडीला तर सात हात वर झाले. जिताड्यावर कुणाचा विश्वास बसेना. मधमाशीच्या नराला बाप नसतो पण आजोबा असतात, हे कोडं घातलं, ते एका मुलीने फळ्यावर येऊन सोडवलं.

माणसापाशी आले तेव्हा माझाच घसा कोरडा पडला होता. तीच चौकट काढली, वडिलांवरचं वाक्य तसंच म्हटलं, आवाज चढवून. आणि चौकटीखाली लिहिलं: बहुतेक वेळा. मग थर, एकावर एक, स्टेथोंनी सांगितले तसे. अनुस्वार ताईंचा धूर आणि धुकं. "एक्सवाय असलेली मुलगी असते. ती मुलगीच असते. तिच्या शरीराने एक वळण वेगळं घेतलेलं असतं," एवढं म्हटलं आणि मुद्दाम सगळ्या वर्गाकडे बघितलं, एका बाकाकडे नाही. कुणी हसलं नाही असं नाही. मागून एकदा खुसखुस झाली, पण पपईवाल्या मुलानेच मागे वळून "गप रे" म्हटलं.

चिठ्ठ्या अठ्ठावन्न. बावीस कोऱ्या. बऱ्याच 'हे परीक्षेला येणार का' असल्या. एका चिठ्ठीत विचारलंय की अशा मुलीचं लग्न होऊ शकतं का, अक्षर कुणाचं ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. उत्तर तिसरी रांग यांना विचारूनच देईन, चालेल ना? एकाने लिहिलंय, 'मला मुलांच्या रांगेत उभं राहायला आवडत नाही, यात गुणसूत्राचा संबंध आहे का?' त्यासाठी दुसरा तास लागेल, तो मी सप्टेंबरात घेणार आहे.

एक चिठ्ठी मात्र मला सुटली नाही. तीन शब्द जरा खोडलेत, पण प्रश्न वाचता येतो: 'आरवणारी कोंबडी किती वर्षं जगते?' शेतबांध, हे तुम्हीच सांगा.

तिसरी रांग
लग्नाचं विचारा, नक्की. मी लिहून देते. माझं झालंय, नवऱ्याला आधी सगळं सांगून.

शेतबांध
मॅडम, खरं सांगतो. आमच्याकडे एकही जगू दिली नाही, म्हणून किती वर्षं ते सांगता येणार नाही. अंडी बंद होतात. बाकी दाणे टिपते, इतरांबरोबर फिरते, रात्री खुराड्यात येऊन बसते. शेजारच्या वस्तीवर एकीला तुरा यायला लागलाय म्हणून त्यांची म्हातारी काल तिला विकायला काढत होती. मी दीडशे रुपये देऊन आणलीय. सकाळी आरवते, आवाज फाटका आहे. पोरांना सांगा, मोजायला सुरुवात केलीय.